आमचे माओरी भावोजी

अख्ख्या मुलुंडमध्ये स्वतःला माओरी समजणारा माणूस एकच असेल, आणि तो नेमका आमच्या नणंदेच्या वाट्याला आला! भावोजी मूळचे कुडाळकडचे. रंग, रूप, घोरणं, सगळं अस्सल मालवणी. पण इंग्रजांच्या काळात त्यांच्या पणजोबांचा धाकटा भाऊ मळ्यांसाठी माणसं भरणाऱ्या दलालाच्या थापांना भुलला आणि पाच वर्षांच्या करारावर अंगठा उठवून फिजी बेटावर ऊस तोडायला गेला. त्या कराराला ते मजूर गिरमिट म्हणत. गिरमिट संपल्यावर तो न्यूझीलंडला पोचला, तिथल्या मूळ लोकांतली, म्हणजे माओरी, बायको केली आणि तिथलाच झाला. निवृत्तीनंतर भावोजींना हे सगळं इंटरनेटवर सापडलं आणि नणंदेच्या संसाराची वाट लागली.

माओरी लोक भेटले की नाकाला नाक आणि कपाळाला कपाळ लावतात म्हणे. भावोजींनी पहिला प्रयोग वॉचमनवर केला. तो बिचारा म्हणाला, "साहब, बुखार देख रहे हो क्या?" तेव्हापासून सोसायटीचा सेक्रेटरी त्यांना पार्किंगच्या पलीकडूनच हात करतो. ते लोक ओळख सांगताना आधी आपला डोंगर सांगतात, मग नदी, मग पूर्वजांची होडी, आणि शेवटी नाव. लिफ्टच्या दुरुस्तीसाठी भरलेल्या सभेत आमचे भावोजी उठले आणि योगी हिलपासून सुरू झाले. नदी कुठली सांगणार? मागचा नाला सांगितला! सेक्रेटरी कळवळून म्हणाला, "काका, फ्लॅट नंबर बोला ना." गिरमिटवाले एका जहाजातून गेलेल्याला जहाजी भाऊ म्हणत आणि सख्ख्यासारखा मानत. भावोजींनी तो नियम शेअर रिक्षाला लावला आणि एका दुपारी शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थाला थेट जेवायलाच घेऊन आले. नणंदेने चार पोळ्या जास्त लाटल्या, आणि तो गेल्यावर नवऱ्याला जे काही ऐकवलं ते छापण्यासारखं नाही.

यंदा मात्र तिकडून खरंच एक बाई यायला निघाली. त्या गेलेल्या माणसाची पणती, म्हणजे नात्याने भावोजींची बहीणच. माओरी लोक आपल्या मेलेल्या माणसाचा फोटो नातलगांच्या दारी नेतात आणि तिथे सगळ्यांनी मिळून पुन्हा रडायचं असतं. पण घरातल्या बाईने मोठ्याने हाक मारल्याशिवाय पाहुण्याने पाऊल पुढे टाकायचं नाही. झालं! भावोजी महिनाभर बायकोच्या मागे. "अगं, तू हाक मारली नाहीस तर ती दारातच उभी राहील!" नणंद म्हणाली, "दाराला बेल कशाला लावलीय मग? मी काय जत्रेत उभी आहे बोंबलायला?"

मी पोट धरून हसत होते. तर ते माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे भरले होते. "वहिनी, हसू नका. बारा वर्षं खबर नाही म्हणून आमच्या लोकांनी दर्भाचा पुतळा जाळून त्याचे दिवस घातले. पुढे गावातलाच एक जण तिकडून परत येऊन सांगत होता की तो जिवंत आहे. पण त्याला गप्प बसवलं. समुद्र ओलांडलेला माणूस परत घ्यायचा कोणी? निदान त्याचा फोटो तरी दारात ताटकळू नये हो."

ती आली त्या दिवशी लिफ्टचं दार उघडलं आणि काळ्या कपड्यातली एक धिप्पाड बाई फोटो छातीशी धरून बाहेर आली. नणंदेच्या दारापासून चार पावलांवर थांबली. भावोजी आत घामाघूम. नणंदेने तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. भावोजी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. त्या बाईच्या हनुवटीवर गोंदण होतं. माझ्या आजीच्या हनुवटीवरही होतं, फक्त एवढं मोठं नव्हे. आणि मला काय झालं कोण जाणे, मी आजीसारखीच ओरडले, "ये गो बाये, ये! तुझ्या माणसाक घेवन भितर ये!" वरच्या मजल्यावरची माणसं जिन्यात आली. येऊ देत मेली!

ती आत आली. भावोजी पाठ केलेलं लांबलचक भाषण पार विसरले. ते फोटोपुढे बसले आणि एवढंच म्हणाले, "आजोबा, तुम्ही जिवंत होतात आणि आम्ही तुमचे दिवस घातले. माफ करा." तिला त्यातला शब्दही कळला नसेल, तरी ती हंबरडा फोडून रडली. नणंद रडली. मीही रडले, खोटं कशाला सांगू? मग नणंदेने पानं मांडली आणि न सांगता एक पान जास्त घेतलं. त्यात भात वाढला, माशाची आमटी वाढली आणि ते फोटोसमोर ठेवलं.

एक हाक मारायला असा कितीसा दम लागतो हो? त्या काळी कुडाळच्या त्या घरात एवढी माणसं होती. एकानेही मारली नाही.