ओव्हरकाका आणि तेवीस जीव

ओव्हरकाकांचं बोलणं मध्ये तोडायची सोय नव्हती. वाक्य संपलं की ते स्वतःच "ओव्हर" म्हणून जाहीर करत आणि मगच आपली पाळी येई. "मीनल, आमटीत मीठ कमी आहे, ओव्हर." आयुष्यभर मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर म्हणून काढलेला हा वेंगुर्ल्याचा गृहस्थ निवृत्तीनंतर मुलीकडे, जर्सी सिटीला येऊन राहिला होता. मीनल माझ्याच ऑफिसातली, शिवाय आमच्या बिल्डिंगमध्ये दोन मजले वर. लिफ्टमध्ये पहिल्यांदा भेटलो तेव्हा काकांनी मला विचारलं, "तुमची पोझिशन काय? ओव्हर." मी म्हणालो, "सीनियर डेव्हलपर." त्यांना मजला हवा होता.

दुसरी सवय मोजण्याची. चार माणसं जमली की काका मोजायला लागत, आणि त्यांच्या हिशेबात माणसं नसायची, जीव असायचे. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला त्यांनी जेवणाची व्यवस्था बघणाऱ्या काकूंना गंभीरपणे विचारलं, "एकूण जीव किती?" काकू म्हणाल्या, "व्हेज की नॉनव्हेज?" काका मला समजावत, "समुद्रावर काही झालं तर आधी हेच विचारतात. जहाज केवढं, माल काय, ते नंतर. जीव किती? तो आकडा चुकला की एक जण पाण्यातच राहतो."

दोन वर्षांपूर्वी लाँग वीकेंडला आम्ही तिघं फ्लोरिडाला गेलो. मीनलने मासेमारीची एक बोट दिवसभरासाठी ठरवली होती. बोटीचा मालक, टोपीवाला, उन्हाने लाल झालेला अमेरिकन माणूस, स्वतःच चालवणार होता. मीनलने थालीपीठं, दही आणि कोशिंबीर श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत भरून घेतली होती. किती डबे लागतील याचा अंदाज येईना म्हणून तिने साठवलेले सगळेच उचलले होते. मासा एकही लागला नाही. दुपारी जेवायला बसणार, एवढ्यात काका उठून उभे राहिले.

लांबवर एक लाकडी होडी होती. इंजिन बंद, कडा जेमतेम पाण्याच्या वर, आणि आत खच्चून भरलेली माणसं शर्ट काढून हलवत होती. कॅप्टन म्हणाला, "हैतीहून आले असणार." मी काकांच्या कानाशी लागलो. "काका, रेडिओवर कळवू आणि निघू. पुढच्या महिन्यात माझं व्हिसा स्टॅम्पिंग आहे. उगाच लफडं नको, यार."

काकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "स्टॅम्पिंग पासपोर्टावर करतात. पासपोर्ट हॉटेलात आहे. तू मोकळा आहेस. ओव्हर."

कॅप्टनची दुर्बीण लावून त्यांनी दोनदा मोजलं. कॅप्टनने रेडिओ उचलला, तोवर काकांनी तो त्याच्या हातातून घेतलाही होता. होडीची जागा, तिची अवस्था आणि "ट्वेंटी-थ्री सोल्स" असं सगळं त्यांनी एका दमात सांगितलं आणि शेवटी "ओव्हर" म्हटलं. पलीकडच्या तटरक्षकानेही उत्तराच्या शेवटी "ओव्हर" म्हटलं. काकांचा चेहरा फुलला. अमेरिकेत आल्यापासून पहिल्यांदाच त्यांना कुणी रीतसर उत्तर दिलं होतं.

मदत यायला तास तरी लागणार होता. आम्ही जवळ गेलो, तसे होडीतले लोक सगळे आमच्या बाजूला झुकले आणि होडी कलंडायला लागली. काका ओरडले, "बसा रे मेल्यांनो! एका बाजूक जाव नकात!" फ्रेंच नाही, इंग्रजी नाही, शुद्ध मालवणी. तेवीसच्या तेवीस जण खाली बसले. कॅप्टनने मला विचारलं, "ही कुठली भाषा?" मी म्हणालो, "ही त्यांची घरची."

लाइफ जॅकेटं त्यांच्याकडे टाकली. मग एक बाई, तिचं तान्हं बाळ आणि दोन मुली आम्ही आमच्या बोटीवर घेतल्या. हे नीट पार पडतंय तोच एकाहत्तर वर्षांचे काका दही-कोशिंबिरीसकट डबे घेऊन त्या होडीत उतरले. कोशिंबीर एका म्हाताऱ्याला दिली आणि रिकामे डबे वाटून पाणी उपसायला लावलं. ते स्वतः मध्ये बसून ताल देत होते. स्वतःचा शर्ट त्यांनी आधीच बाळाला गुंडाळायला दिला होता.

तटरक्षकांचं जहाज आलं. त्यांनी होडीतल्या सगळ्यांना भराभर नारिंगी जॅकेटं घालून जहाजावर चढवलं, आणि त्यांत उघडे, भिजलेले, थरथरणारे काकाही चढले. मीनल ओरडत होती, "दॅट्स माय फादर!" पण तिच्या मांडीवर बाळ होतं, दोन्ही बाजूंना दोन मुली. एक तरुण अधिकारी तिला धीर देत म्हणाला, "मॅम, काळजी करू नका, कुटुंबं आम्ही वेगळी करत नाही."

जहाजावर काकांना विचारलं, "देश?" काका म्हणाले, "इंडिया." "होडीत किती दिवस?" काकांनी घड्याळ बघितलं. "पन्नास मिनिटं." अधिकाऱ्याला ते भ्रमात वाटले असावेत, त्याने पाणी दिलं. मग मोजणी झाली. आमच्या बोटीवरचे चार धरून चोवीस. इथे मात्र काका उखडले. "मी तेवीस कळवलेत. मी आयुष्यात आकडा चुकवलेला नाही. पुन्हा मोजा." पुन्हा मोजलं, चोवीस. तिसऱ्यांदा काका स्वतःच उठून मोजायला लागले, तेव्हा तेवीस भरले. तेव्हा त्या अधिकाऱ्याच्या ध्यानात आलं, की हे मोजायला उठले तरच आकडा जुळतो.

मीनलच्या फोनमधल्या त्यांच्या ग्रीन कार्डाच्या फोटोने त्यांची सुटका झाली. त्या लोकांचं मात्र तसं काही झालं नाही. मीनलने नंतर बरीच चौकशी केली. बहुतेकांना परत पाठवलं, एवढंच कळलं. बाळाचं काही कळलं नाही. काकांनी होडीत बसल्या बसल्या सगळ्यांची नावं विचारून घेतली होती, आणि परतल्यावर हॉटेलात ती देवनागरीत लिहून काढली. "परत पाठवलं म्हणजे काय? ते पुन्हा होडीत बसणार," ही बातमी कळल्यावर ते म्हणाले आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

गेल्या वर्षी मीनलने त्यांचा सिटिझनशिपचा फॉर्म भरायला घेतला. 'तुम्हाला कधी ताब्यात घेतलं होतं का?' या प्रश्नावर वकिलाने 'नाही' लिहायला सांगितलं. काकांनी 'हो' लिहिलं. खाली खुलासा: 'पावणेदोन तास. वागणूक उत्तम. घोंगडी दिली.' वकिलाने डोक्याला हात लावला. इंटरव्ह्यूची तारीख येण्याआधीच, फेब्रुवारीत, काका झोपेत गेले.

शोकसभा मंडळाच्या हॉलमध्ये झाली. होडीची गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ होती, कारण काकांनी ती प्रत्येकाला सांगितली होती. अध्यक्ष म्हणाले, "काका नेहमी सांगायचे, की कॅप्टन निघायच्या विचारात होता, पण निखिल म्हणाला, थांबूया. तो निखिल आज इथे आहे." लोक वळून माझ्याकडे बघायला लागले. कुणीतरी माझा खांदा थोपटला.

हे मला माहीत नव्हतं. सरकारी फॉर्मवर पावणेदोन तासही न लपवणारा माणूस माझ्याबद्दल हे गावभर सांगत होता, आणि मला त्याचा पत्ताही लागू दिला नव्हता.

मी उभा राहिलो. "नाही," मी म्हणालो, "मी म्हणालो होतो, निघूया."

मीनलला यात नवीन काहीच नव्हतं, ती तर तिथेच होती. तिने शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली आणि म्हणाली, "ये, इथे बस. आणि आता तू सांग सगळं."