गोठलेलं छप्पर

देल्फीन बार्रिया याच्याविषयी मला फार थोडे ठाऊक आहे. तो छपरे दुरुस्त करायचा, लवकर चिडायचा आणि एकटा राहायचा. लग्न का केले नाही, गळ्यात बायकी रुमाल का बांधायचा, हे विचारायचे धाडस मला कधी झाले नाही. काही चुकीचे लिहीत असेन तर बेटावरच्या माणसांनी सुधारून घ्यावे.

गळती तो पावसात शोधत नसे. जुलैत, म्हणजे आमच्या दक्षिणेकडच्या भर हिवाळ्यात, पाऊस थांबून कडक थंडी पडली की उजाडता उजाडता वाटेवर येऊन उभा राही. छपरे गोठलेल्या दवाने पांढरी झालेली असत. लाकडी कौलांमध्ये जिथे फट असेल तिथून चुलीची ऊब बाहेर पडे आणि दव वितळून काळा डाग दिसे. मग शिडी लावायची ती थेट तिथेच.

त्या वर्षी पाऊस चालू असतानाच ओतिलियाबाईने छप्पर गळते म्हणून त्याला निरोप धाडला. ती माझी शेजारीण, विधवा. थंडी पडल्यावर देल्फीन आला आणि तिच्या छपराकडे पाहत राहिला. सगळे पांढरे, एकही डाग नाही. म्हणजे आत विस्तवच नव्हता.

दार न ठोठावता तो माझ्या स्वयंपाकघरात शिरला.

"तुझ्या खिडकीतून तिचं धुराडं दिसतं की नाही, रोसेन्दो?"

"दिसतं. धूर नव्हता, म्हणून वाटलं, कास्त्रोला लेकीकडे गेली असेल."

आमच्याकडे धूर नाही म्हणजे माणूस खाडीपलीकडे गेले, असेच सगळे धरून चालतात.

"किती दिवस वाटतंय असं?"

"चार."

त्याने मला बायकोसमोर शिव्या घातल्या. मग माझीच कोरडी लाकडे माझ्याच हातांवर लादून मला पुढे घातले. मला भयंकर राग आला होता. अजूनही थोडा येतो.

ओतिलियाबाई होते नव्हते ते कपडे घालून अंथरुणात पडली होती, कुशीत कोंबडी घेऊन. ओठ निळे पडले होते. पावसात पाणी नेमके सरपणावर गळत होते. लाकडे भिजली आणि चूल विझली. शेजाऱ्याकडे मागायची तिला लाज वाटली. मिस्त्रीला छपरासाठी बोलावलंय, चुलीसाठी नाही, असे तिने आम्हालाच सुनावले.

"कोंबडीला तुझ्यापेक्षा जास्त अक्कल आहे, बाई," देल्फीन म्हणाला. "ती ऊब शोधत आली तरी."

आम्ही चूल पेटवली. दुसऱ्या दिवशी छपरावर काळा डाग उमटला, पाणी ठिबकत होते त्याच्या दोन हात वर. कंबरेला दोर बांधून देल्फीन चढला. मी शिडी धरली. कौले उचकटल्यावर दिसले, सांध्यावर सांधा आला होता. खालच्या ओळीतला सांधा वरच्या कौलाने झाकायचा, हे पोरांनाही कळते.

"हे कुठल्या गाढवानं ठोकलं?"

"मी. उन्हाळ्यात. तिला मदत म्हणून."

तो सबंध ओळ उचकटून एकेक कौल खाली टाकत राहिला, मी उभा होतो तिथेच.

ऑगस्टभर त्याने माझ्याशी बोलणे टाकले. सप्टेंबरात धक्क्यावर भेटला. तो होडीतून दवाखान्याला निघाला होता. तिथून तो परत येणार नाही, हे तेव्हा दोघांनाही माहीत नव्हते.

"ओतिलियाकडे लाकडं टाकलीस?"

"टाकली. काल."

"ओली?"

"कोरडी."

"बरं. तो होडीचा दोर सोड जरा."