उजव्या खांद्यावरचं फूल

नोकरी संपली की माणसाजवळ दोनच गोष्टी उरतात, गुडघेदुखी आणि किस्से. गुडघे निदान तेल लावल्यावर थोडा वेळ गप्प बसतात. किस्से बसत नाहीत. एक काढावा तर त्याच्या धोतराचा सोगा धरून दुसरा हजर! बायको म्हणते, आता पुरे करा. पण तुम्ही आला आहात, चहाही टाकला आहे, तर ऐकाच.

मी हैदराबाद संस्थानात देवी टोचायच्या खात्यात होतो. कागदावर माझ्या हुद्द्याचं लांबलचक उर्दू नाव होतं, ते मला स्वतःलाही एका दमात म्हणता येत नसे. लोक सरळ 'देवी डॉक्टर' म्हणत. भालकी, औराद आणि तेव्हाची कल्याणी, एवढा मुलूख माझ्याकडे. सोबतीला चपराशी इमामभाई आणि एक बैलगाडी. गाडीत ओल्या फडक्यात गुंडाळलेला माठ, माठात लसीच्या बारीक काचनळ्या. आणि डब्यात फिरकी, म्हणजे दातेरी चकतीचं हत्यार. दंडावर लसीचा थेंब टाकायचा, फिरकी टेकवून गरकन फिरवायची, की काम झालं.

काम सोपं होतं हो. पण एक गोष्ट मला कायम टोचत असे.

माझी स्वतःची पोरगी, छबू, दोन वर्षांची झाली तरी तिच्या दंडावर डाग नव्हता! माझ्या मायच्या सहा लेकरांपैकी तीन देवीनं नेली. मायच्या तोंडावरही वण होते. छबू जन्मली तेव्हा मायनं गावच्या मरीआईपुढं शब्द दिला होता, "तुझ्या कौलाबिगर हिच्या अंगाला लोखंड लावू देणार न्हाई." तीनदा कौल लावला, तीनदा डावा आला. म्हणजे नाही.

आणि प्रत्येक गावात पहिला सवाल हाच, "डॉक्टर, तुमच्या लेकराला टोचलंय का?"

मी खोकत असे. इमामभाई ओरडत असे, "अरे बैल सुटले, बैल सुटले!"

◆

कौल म्हणजे काय ते सांगतो. देवीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यात बुडवलेलं एकेक फूल चिकटवायचं. उजवं आधी पडलं तर देवीची परवानगी, डावं पडलं तर माघारी फिरायचं. त्या काळी टोचून घ्यायचं की नाही यावर गावागावांत वाद व्हायचे, चावडीवर माणसं तावातावानं भांडायची, पण शेवटचा निकाल त्या दोन फुलांकडे!

कोहिनूर नावाच्या गावी आम्ही सकाळी पोचलो. देवी उघड्या चौथऱ्यावर. सगळं गाव श्वास रोखून उभं. डावं फूल टपकन पडलं. आम्ही माठ उचलला आणि परत निघालो.

वाटेत इमामभाईनं मागं वळून चौथऱ्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "डाक्टर, देवी का तोंड दक्षिणेला हाय. सकाळचं ऊन डाव्या खांद्यावर पडतंय. पानी सुकलं की फूल पडतंय. ह्यात देवी का कसूर न्हाई."

पुढच्या खेपेला आम्ही दुपार कलल्यावर गेलो. उजवं फूल पडलं!

महिन्याभरानं इन्स्पेक्टरसाहेबांनी माझा टूर-रिपोर्ट पाहिला. "कोहिनूरला दुपारीच का जाता? सकाळी झोपता काय?"

इमामभाई अदबीनं पुढे झाला. "हुजूर, वहाँ की देवी दोपहर को राज़ी होती है!"

◆

भालकीजवळच्या एका गावात शिवलिंगप्पा म्हणून वयस्कर गृहस्थ होते. कपाळभर भस्म, गळ्यात लिंग, बोलायला अगदी मऊ. लस वासराच्या अंगावर तयार होते हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं.

"डॉक्टर, लस काढल्यावर त्या वासराचं काय करतेत?"

खरं सांगतो, मला माहीत नव्हतं! खात्यानं कधी सांगितलं नव्हतं, मीही कधी विचारलं नव्हतं. म्हणालो, "सोडून देतात."

"कुठं सोडतेत?"

मागे सगळं गाव उभं. अप्पांनी नकाराची मान हलवली असती तर एक पोर पुढे आलं नसतं.

"अप्पा," इमामभाई म्हणाला, "पेन्शन पर हैं! हैदराबाद में. सरकारी कुरण, सरकारी चारा, काम कुछ नहीं."

अप्पांनी गळ्यातल्या लिंगाला हात लावला. मग आपल्या नातवाला माझ्यापुढे बसवलं आणि हळूच म्हणाले, "नातवाला टोचा. आन् जमलं तर माझं नाव त्या वासरात घाला!"

◆

औरादकडच्या एका गावात पोरं निमूट टोचून घेत. आठव्या दिवशी तपासायला जावं तर सगळे दंड कोरे करकरीत. फोड नाही, काही नाही. वरून मलाच विचारणा, लस खराब की हात खराब?

तिसऱ्या खेपेला उलगडा झाला. टोचलं की आया पोरं घेऊन कडब्याच्या गंजीमागे जात. तिथं गंगाक्का नावाची म्हातारी ओलं फडकं घेऊन बसलेली. आलेला दंड पुसायचा आणि पुढचा घ्यायचा. माझ्यापेक्षा तिचा हात जलद!

मी चिडून तिच्या अंगावर जाणार, तेवढ्यात इमामभाईनं मला मागे ओढलं. तो तिच्यापुढं जाऊन हात जोडून बसला.

"अक्का, लई मोठं काम करायलीस. समद्या पोरांची देवी तुझ्या फडक्यात आली. आता हे फडकं कुठं ठेवणार?"

गंगाक्का फडक्याकडं बघतच राहिली. मग तिनं ते असं फेकलं, की थेट शेजाऱ्याच्या भिंतीवर!

त्यानंतर तिथं कुणी दंड पुसला नाही. आठ दिवसांनी गेलो तर सगळ्या दंडांवर टपोरे फोड. आणि भिंतीवर ते फडकं तसंच होतं. त्याला हळदीकुंकू लावलेलं, पुढं नारळ फोडलेला.

◆

आमचे इन्स्पेक्टरसाहेब हैदराबाद शहरातले. रुबाबदार शेरवानी, चकचकीत बूट, आणि गावकऱ्यांवर एकच उपाय माहीत, आवाज चढवणं. एकदा एका गावात ते चौथऱ्यावर उभे राहून गरजले, "अरे, ह्यात भ्यायचं काय?"

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "मग साहेब, आधी तुमी घ्या की!"

आता साहेबांना माघार घेता येईना. शेरवानी काढली, बाही वर केली. मी डबा उघडला. साहेबांनी फिरकीचे दाते पाहिले आणि उभ्याचे आडवे झाले. हातपाय थरथरायला लागले.

संपलं, म्हटलं मी. एवढा मोठा माणूस नुसतं हत्यार बघून पडतो म्हटल्यावर कोण पोर देणार? पण इमामभाईनं संधी सोडली नाही. "अंगात आलं! साहब के अंगात आलं!"

बाया धावल्या. साहेबांच्या कपाळावर मळवट भरला, पायांवर पाणी घातलं, लिंबू उतरवलं. एकीनं तर कानाशी वाकून पाऊस कधी पडेल ते विचारून घेतलं. साहेब अर्धवट शुद्धीत "पानी... पानी..." म्हणाले. ती आनंदानं ओरडली, "पडतंय म्हनं, पडतंय!"

साहेबांनी डोळे उघडले तेव्हा त्यांच्यापुढं पोरांची रांग लागली होती. कपाळावर हात फिरवून त्यांनी लाल बोटांकडं पाहिलं आणि मला विचारलं, "ये क्या है?"

"हुजूर," इमामभाई म्हणाला, "रिपोर्ट में नहीं लिखेंगे."

◆

शेवटी शेवटी दिवस वाईट आले. देश स्वतंत्र झाला, पण आमच्याकडं संस्थानचंच राज्य. कुणी कुणावर विश्वास ठेवीना. एका गावात म्हणत, डाग पडलेल्या पोरांना सरकार फौजेत नेणार. दुसऱ्या गावात सरकारच्या बाजूचा पाटीलच म्हणे, ही लस दिल्लीहून आली आहे, आपल्याला नको! मी दोन्हीकडून झोडपला जायचो.

चिंताकीला बापूराव नावाचा तरुण पांढरी टोपी घालून पारावर उभा राहिला. आवाज खणखणीत. "ह्या सरकारचं काय बी घ्यायचं न्हाई! आधी विलीनीकरण, मग टोचणी!" टाळ्यांवर टाळ्या. समोर गावातला एकूण एक पुरुष.

मी माठ गाडीत ठेवत होतो, तेवढ्यात एक बाई मला खुणेनं बोळातून घेऊन गेली. तिच्या परसात गावातल्या सगळ्या बाया पोरांसह बसलेल्या! पहिलं पोर तिनं स्वतःचंच पुढं केलं. ती बापूरावची बायको होती.

मी घाईघाईनं फिरकी चालवायला लागलो. म्हणालो, "बाई, भाषण संपलं तर?"

"सावकाश होऊ द्या," ती म्हणाली. "मी निरोप धाडलाय त्यास्नी, आणिक तासभर बोला म्हणून."

आणि खरोखरच तो बोलला! चिंताकीत एवढं टोचणं आधी कधी झालं नव्हतं.

◆

एकदा जेवताना मी मायला कोहिनूरचा किस्सा सांगितला. ऊन, खांदा, फूल, सगळं. माझी बायको चंद्रा हसून हसून बेजार झाली. माय हसली नाही.

"देवीला फसवता व्हय रे?" ती म्हणाली. "आरं, देवीचे डोळे उघडेच असत्यात. ते दगडात कोरलेले हाईत. माणसानं तरी आपले मिटून घ्यावेत."

मी मान खाली घालून भाकरी मोडत राहिलो. आमच्या मरीआईची देवळी दगडी, दार बुटकं, आत उन्हाची तिरीपही जात नसे. तिथं इमामभाईची युक्ती चालण्यासारखी नव्हती, आणि चालली असती तरी मायपुढं ती करायची माझी छाती नव्हती.

◆

आता शेवटचा.

आमच्या गावापासून दोन कोसांवर देवीची साथ आली. पहिल्याच आठवड्यात तिथं दोन लेकरं गेली. मी दिवसभर त्या गावात टोचत होतो, घरी आल्यावर अंघोळ करून लांबूनच छबूकडं बघत होतो. मला भीती वाटत होती. गावंच्या गावं टोचली आणि स्वतःच्या पोरीचा दंड कोरा, ह्याची लाजही वाटत होती.

चंद्रा भांडली नाही. तिनं छबूचे कपडे गाठोड्यात बांधले. "मी उदगीरला माहेरी जायलीय. तिथला डॉक्टर टोचील."

मायनं ते गाठोडं पाहिलं. "मंगळवारपतूर थांब," ती म्हणाली. "कौल घिऊ."

सोमवारी इमामभाई मला बाजूला घेऊन म्हणाला, "पुजाऱ्याशी बोलू का? डाव्या फुलाला जरा जास्त पाणी, बस."

"नको," मी म्हणालो. "गावांना फसवलं ते फसवलं. मायला फसवणार नाही."

मंगळवारी सगळं गाव देवळीबाहेर जमलं. आमचं पाहून बाकीचे ठरवणार होते. पुजाऱ्यानं लाल कण्हेरीची दोन फुलं चिकटवली आणि तो बाहेर आला, कारण आत दोनच माणसं मावत. मी आणि माय. छबू मायच्या कडेवर.

बराच वेळ काही झालं नाही. मग डावं फूल हललं. थोडं खाली घसरलं आणि देठावर लोंबकळत राहिलं.

"माणक्या," माय म्हणाली, "हात जोड. डोळे मीट."

"माय, बघू दे की."

"देवीकडं टक लावून कामून बघायलास? मीट म्हणलं ना!"

मी डोळे मिटले. छबू काहीतरी बडबडत होती. मायच्या बांगड्या वाजल्या.

"उघड."

उजवं फूल देवीच्या पायाशी पडलं होतं. डावं अजून तिथंच लोंबकळत होतं.

माय वाकून बाहेर आली आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाली, "उजवा दिला!"

इमामभाईनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. मी नाही.

मी तिथंच लिंबाखाली डबा उघडला. मायनं छबूला मांडीवर घेतलं, तिचा दंड दोन्ही हातांनी घट्ट धरून माझ्यापुढं केला. मी लसीचा थेंब टाकला, फिरकी टेकवली, आणि माझं लक्ष मायच्या हाताकडं गेलं. अंगठा ओला होता. त्याला कण्हेरीची एक लाल पाकळी चिकटलेली होती.

मी वर पाहिलं. माय माझ्याकडंच बघत होती.

"माझ्याकडं काय बघायलास?" ती म्हणाली. "फिरव की!"