डायनामोच्या गळ्यातला हार

सौंसरला आमचं बॅटऱ्या चार्ज करायचं दुकान होतं. इंजिन पट्ट्यानं डायनामो फिरवायचं. बॅटरीतून डायनामोकडे उलटा जाणारा करंट अडवणारं कटआउट सारखं बिघडायचं, म्हणून बाबांनी चिडून ते काढूनच टाकलं होतं.

खंडेनवमीला सकाळी चार्जिंगला लावलेली बॅटरी डायनामोच्या तारांना जोडलेलीच ठेवून त्यांनी इंजिन बंद केलं. आईनं डायनामोच्या चाकाला झेंडूचा हार गुंडाळला. आज यालाही आराम, म्हणत बाबांनी पट्टा उतरवला.

हार फिरू लागला.

इंजिन गप्प होतं. पाकळ्या सुटून आईच्या पायांवर पडत होत्या.

"बॅटरी फिरवून राहिली त्याले," म्हणत बाबांनी तार ओढली. चाक थांबलं.

आई जागची हलली नाही. "फिरवत असन बॅटरी. पण तिले कोणं सांगतलं, पट्टा निघाला म्हणून?"