एकोणीस खेकडे

काशिनाथ गेल्याचा फोन आला तेव्हा मी नाशिकच्या घरी पाण्याची टाकी धूत होतो. त्याला आता पाच आठवडे झाले. आमची शेवटची भेट त्याच्याही दीड वर्ष आधीची... हे अंतर माझंच.

नव्वदच्या दशकात मी सुरगाण्याला गणिताचा शिक्षक होतो. काशिनाथ भात आणि नागली करायचा. घरामागे त्यानं सिमेंटच्या दोन टाक्या बांधून ओढ्यातले खेकडे पाळले होते. मोठ्या मादीची पिल्लं मोठीच निघतात का, हे त्याला बघायचं होतं. पोटाखाली पिल्लं घेऊन बसलेली मादी तो वेगळी ठेवी, तिच्या पिल्लांतले थोराड निवडून पुढे जोड लावी. गावातले लोक त्याला विचारत, काश्या, यंदा कुणाची सोयरीक जमवलीस? तो म्हणे, मुलगी बघायला गुरुजी पट्टी घेऊन येतात. शाळेतल्या मापकानं मी प्रत्येकाच्या पाठीची रुंदी मोजून वहीत लिहायचो. पाच पावसाळ्यांत सरासरी पन्नास मिलिमीटरवरून अठ्ठावन्नवर गेली. सुरगाण्याच्या बाजारात हे खेकडे त्याच्या नावानं मागितले जातील, असं तो सोनीबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला, सांगायचा. एरवी तो फार बोलत नसे.

सहाव्या वर्षी रोग आला. पाठीवर काळे डाग पडले, मग पाय गळू लागले. दोन्ही टाक्यांत मिळून एकोणीस उरले, सगळे लहान. काशिनाथनं विचारलं, "गुरुजी, ही मेली नाय. ह्यांचीच जोड लावू का?" मी वही उघडून दाखवली. एकाचीही रुंदी पंचेचाळीसच्या वर नव्हती. हे ठेवलेस तर पाच वर्षं पाण्यात जातील, ओढ्यातून नवे मोठे आण, असं मी सांगितलं. त्यानं ऐकलं. माझ्या बदलीनंतर दिवाळीला तो ते एकोणीस टोपलीत घालून जीपनं नाशिकला घेऊन आला. आमच्या हिनं त्यांचं कालवण केलं. चांगलं झालं होतं.

पुढच्या पावसात रोग परत आला. ओढ्यातून आणलेल्या नव्या खेकड्यांतला एकही वाचला नाही. मी गेलो तेव्हा तो टाकीच्या कठड्यावर बसला होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुमच्या वहीत रुंदी हाय, गुरुजी. जगला कोण, ते कुठं लिवलंय?"

तसा रकाना मी आखलाच नव्हता. त्यानंतर त्यानं हा विषय कधी काढला नाही. मीही काढला नाही, आणि माझं जाणं कमी होत गेलं.

दहाव्याला गेलो. दोन्ही टाक्या काठोकाठ भरलेल्या, पाणी तळ दिसेल इतकं स्वच्छ, आत काही नाही. सोनीबाई म्हणाली, इतकी वर्षं ते रोज सकाळी पाणी बदलायचे, आजारपणातसुद्धा. उठवेना तेव्हा तिला बदलायला लावायचे.

"आता बंद करू का, गुरुजी?"

मी टाकीच्या कठड्यावर बसलो. ती बादली उचलून विहिरीकडे गेली.