कोर्टात आलेले डेअरीचे मोबाईल

भोरच्या कोर्टात गेलं की बातमी मिळते एक आणि किस्से टोपलीभर. पेपरात जागा बातमीला. किस्से आपले खिशात साठत राहतात. हे सगळे एकाच खटल्यातले.

पासलीच्या संगीताताई एका खासगी डेअरीच्या केंद्रावर दूध तपासायच्या. एका सकाळी आंबट दूध टँकरमध्ये गेलं आणि अख्खा टँकर नासला. डेअरीनं ताईंना काढलं, वर दावा ठोकला, की बाईनं मनानंच ओतलं. ताई सांगत होत्या, मॅनेजरनी केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हुकूम दिला म्हणून ओतलं. पण त्यांचा मोबाईल नेमका दुधाच्या कॅनमध्ये पडून बंद! आणि 'दूध नासवणारी' म्हणून त्यांना तालुक्यातली दुसरी कुठलीच डेअरी दारात उभं करेना.

*

ताईंच्या वकिलांनी ग्रुपमधल्या बाकीच्यांचे मोबाईल मागितले. डेअरीचे वकील ऐटीत उठले. मोबाईल कर्मचाऱ्यांचे खासगी, आमचा काय संबंध?

माझं डोकंच तापलं. पहाटेपासून त्याच मोबाईलवर हुकूम सोडताना कुठं जातो हा खासगीपणा? मी तोंड उघडणार, तोच जजसाहेब म्हणाले, "काम सांगताना मोबाईल तुमचा आणि कोर्टात आणताना त्यांचा?"

मेसेज हजर करा, असा आदेश झाला!

*

पहिले आले केंद्रावरचे जुने कामगार, आंबवड्याचे दगडूअण्णा. मोबाईल तुमचाच ना, असं वकिलांनी विचारलं.

"सुनेचा हाय. म्या निस्ता सायबाच्या शिव्या ऐकायला वापरतो."

सुनेनं व्हिडिओंना जागा व्हावी म्हणून त्या शिव्या कधीच पुसून टाकल्या होत्या. ताईंचा चेहरा उतरला.

*

मॅनेजरना मी नसरापूरच्या स्टँडवर गाठलं. तुमच्या मोबाईलमध्ये ते मेसेज असतील की, म्हटलं. म्हणाले, तो हरवला. मग हा हातातला? हा घरगुती, कामाचं यात काही नसतं.

तेवढ्यात हातातला घरगुती मोबाईल वाजला. साहेबांनी माझ्याकडं पाठ फिरवली आणि ओरडले, "टँकर कुठं अडकलाय रे?"

*

शेवटचे साक्षीदार सलीमभाई, भोरचे, डेअरीचा टेम्पो चालवणारे. साधा, सरळ माणूस. साहेबांचा शब्द खाली पडू देणार नाही अशी ख्याती. ताईंची सगळी भिस्त त्यांच्यावर आणि त्यांच्या मोबाईलमध्ये त्या दिवसाचा एकही मेसेज नाही!

जजसाहेबांनी विचारलं, मेसेज गेले कुठं?

"डिलीट केले साहेब. आदेश झाला त्याच संध्याकाळी सरांचा फोन आलेला, सगळं साफ करा म्हणून."

मॅनेजर ताडकन उठले. साफ खोटं, म्हणाले. मी असं काही सांगितलंच नाही.

सलीमभाईंना ते फार लागलं. आयुष्यात कुणी त्यांना कामचुकार म्हटलं नव्हतं, तसंच खोटारडाही. "पुरावा हाय साहेब," म्हणाले आणि मोबाईलमधले दोन फोटो उघडून तो पुढं केला. दोन्ही त्याच संध्याकाळी मॅनेजरना पाठवलेले.

दुसऱ्या फोटोत ग्रुप रिकामा. पहिल्यात मॅनेजरचा मेसेज, 'संगीता, आंबट असलं तरी ओत. टँकर थांबवायचा नाही.'

ताईंनी पदर तोंडाशी धरला. जजसाहेबांनी चष्मा पुसून पहिला फोटो पुन्हा पाहिला. पुसायचंच होतं, तर आधी याचा फोटो कशाला काढलात?

"डेअरीचा नियम हाय साहेब. कॅन धुवा, न्हाईतर फरशी पुसा, साफ करायच्या आदीचा फोटू न्हाई पाठवला तर सर काम झालं असं मानतच न्हाईत."