तोंड साफ आहे

मला घोड्यांची भीती वाटते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. गोरेगाव पूर्वेला, स्टुडिओच्या मागच्या अंगाला आमचा तबेला आहे. वरातींना आणि शूटिंगला आम्ही घोड्या देतो. अशा घरातल्या माणसाने घोड्याला भ्यायचं म्हणजे कोळ्याने पाण्याला भिण्यासारखं. म्हणून गिळून बसलो.

भीती सगळ्या घोड्याची नाही. पाठीवरून हात फिरवतो, खरारा करतो, नाल ठोकताना पाय धरतो. भीती तोंडाची. विशीत एका घोडीचे दात बघायला मी बोटं आत घातली आणि तिने ती धरली. सुटली तेव्हा करंगळी वाकडी झाली होती. घरी सांगितलं, टेम्पोच्या दारात सापडली. त्यानंतर मी कुठल्याही घोड्याच्या तोंडात हात घातला नाही. ओठ वर उचलायचा, समोरचे दात बघून वय सांगायचं आणि मान हलवायची, एवढंच.

हे खपून गेलं, कारण आमच्या घरातली पद्धत तशी होती. गिरणी सुटल्यावर बाबा या धंद्यात आले, आणि घोडा विकत घेताना काय कोणी बघायचं हे त्यांनी वाटून दिलं. दादाने पाय आणि चाल. मी तोंड. अंगावरचे केसांचे भोवरे बाबा स्वतः बघत. शुभ-अशुभ मानणारी लग्नघरं त्याबद्दल आधी विचारतात. एकाने बघितलेलं दुसऱ्याने पुन्हा बघायचं नाही. पुन्हा बघणं म्हणजे भावाला खोटं पाडणं. बाबा गेले तेव्हा भोवरे दादाच्या मुलीकडे आले. लहानपणापासून ती शाळा-कॉलेजपेक्षा तबेल्यातच जास्त.

कांदिवलीला एकाच्या तबेल्याच्या जागेवर टॉवर येणार होता. तो जनावरं काढत होता. त्याच्याकडे एक तरणी घोडी होती, तीन वर्षांच्या आतली, राखाडी रंग पांढऱ्याकडे झुकत चाललेला. आम्ही तिघं बघायला गेलो.

"काका, कान बघ ना तिचे!" पुतणी म्हणाली. घोडीचे कान टोकाला एकमेकांना भिडत होते.

"ताई, हिच्यावर नवरा बसला ना, तर लोक नवऱ्याकडे बघणारच नाहीत," विकणारा म्हणाला.

"मग तो आमचे पैसे कापेल," दादा म्हणाला. त्याने तिला दोनदा चालवून आणलं, खूर दाबून बघितले. मुलीने भोवरे बघितले आणि बोटाने झकासची खूण केली. मग दादा माझ्याकडे वळला. "तू बघ रे तोंड."

मी ओठ उचलला. वरचे दात खालच्यांच्या पुढे चांगले बोटभर आले होते, पोपटाच्या चोचीसारखे.

अशा जनावराला आमच्यात पोपट म्हणतात. बाबांनी मला नीट शिकवलं होतं: समोर असं दिसलं म्हणून घोडा लगेच सोडायचा नाही, पण आत हात घातल्याशिवाय घ्यायचाही नाही. जबडे नीट जुळत नाहीत, म्हणून वरच्या पहिल्या दाढेची कड झिजत नाही. ती आकड्यासारखी खाली वाढते, आणि लगामाची कडी तोंडात बसते ती तिच्या अगदी पुढे. लगाम ओढला की गाल त्या आकड्यावर घासतो. आकडा असेल तर आधी दाढ घासून घ्यायची, मग लगाम. घोडी घ्यायची की नाही, आणि घेतली तर कशी, हे सगळं त्या एका हाताच्या आत जाण्यावर होतं.

तिचा गरम श्वास माझ्या तळव्यावर येत होता. तिने जबडा जरासा हलवला आणि कर्र असा बारीक आवाज झाला. करंगळी आपोआप मुठीत गेली. पोपट आहे म्हणालो असतो तर दादा म्हणाला असता, मग आत बघ. सगळ्यांसमोर.

पुतणी घोडीच्या मानेवर हात ठेवून उभी होती. "काय काका? घ्यायची ना?"

"तोंड साफ आहे," मी म्हणालो.

घोडी आली. पुतणीने तिला वर्षभर स्वतःच्या हाताने तयार केलं. पायी फिरवणं, बँडच्या आवाजाची सवय, पाठीवर आधी पोतं, मग माणूस. घोडी शहाणी होती. फक्त दावणीपुढे अर्धवट चावलेल्या गवताचे ओले बोळे पडायचे, आणि लगाम ताणला की ती मान झटकायची.

"काका, ही अशी का करते रे?"

"कोवळी आहे. होईल नीट."

दादाचं उत्तर वेगळं होतं. "तुझा हात जड आहे गं. केवढा ओढतेस! लगाम आहे तो, बसची घंटी नाही."

ती हसायची आणि आणखी हलक्या हाताने धरायची. तोंडात काही असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. तोंड मी बघितलं होतं.

त्या दिवसांत माझी भीती दुप्पट झाली. आधी नुसती दातांची होती. आता ती पोर रोज त्या तोंडापाशी उभी राहायची, त्याचीही. रोज सकाळी ठरवून जायचो की आज हात घालायचा. गव्हाणीपर्यंत जायचो, घोडी तोंड पुढे करायची, आणि मी बादली उचलून पाणी भरायला निघायचो. डॉक्टर इंजेक्शन द्यायला आले तेव्हा विचारणार होतो, पण दादा शेजारीच उभा होता.

तिची पहिली वरात मुलुंडला होती. पुतणी लगामापाशी चालत होती, मी बाजूने. सगळे नवऱ्याकडे बघत होते, मी घोडीच्या तोंडाकडे. लाळेत लालसर काही दिसलं असं वाटलं. दिव्यांचा रंग असेल, मी स्वतःला सांगितलं. हॉलच्या अलीकडे पोरं नाचायला थांबली. नवऱ्याचा तोल गेला आणि त्याने सावरायला लगामच खेचला.

घोडी सरळ मागच्या पायांवर उभी राहिली. नवऱ्याला मामालोकांनी झेलला. पुतणीने लगाम सोडला नाही. घोडी खाली आली ती तिच्या खांद्यावर. पुढच्या लोकांना कळलं नव्हतं, त्यामुळे बँड तसाच वाजत राहिला, आणि त्या गाण्यात मी तिचं ओरडणं ऐकलं.

हॉस्पिटलात ती दादाला म्हणाली, "बाबा, माझाच हात जड पडला." दादाने तिची चादर सारखी केली. मी शहाळं धरून खाटेच्या पायाशी उभा होतो. स्ट्रॉ आणतो म्हणून बाहेर निघालो.

नंतर एका दुपारी तबेल्यात कोणी नसताना मी घोडीसमोर उभा राहिलो. जीभ बाजूला धरली, डोळे मिटले आणि हात आत घातला. आकडा होता. दोन्ही बाजूंना, बोटाला टोचेल असा. गालाच्या आत मांस सोललेलं होतं. घोडीने काहीच केलं नाही. माझा हात बाहेर येईपर्यंत ती नुसती उभी होती.

दादाने तिला विकायला काढली. मुंबईबाहेरचा एकजण न्यायला आला, तेव्हा मी त्याला टेम्पोमागे घेतलं आणि सांगितलं, आधी दाढा घासून घ्या, मग लगाम लावा. काही महिन्यांनी त्याचा फोन आला. घोडी गाय आहे हो, म्हणाला. परक्या माणसाला मी सांगू शकलो.

पुतणीचा खांदा जुळला, पण तो हात डोक्याच्या वर जात नाही. ती अंधेरीला एका ऑफिसात जाते. कधी दादाचा डबा घेऊन तबेल्याच्या फाटकापर्यंत येते. तिला ओळखणारी म्हातारी घोडी मान पुढे करते, तेव्हा ती दोन्ही हात पाठीमागे घेते. "नको गं बाई," म्हणते, "माझा हात जड आहे."

तिचा हात हलका होता. मी तोंड बघितलं नव्हतं. एवढं तिच्यासमोर उभं राहून सांगण्याचं देणं मी तिला लागतो, आणि ते अजून फेडलेलं नाही.